त्याच जागी, पुन्हा

घरच्या संग्रहातील एखादे जुने प्रवासचित्र हाती घ्यावे, ते जेथे काढले होते तेथे पुन्हा जावे, तीच माणसे त्याच क्रमाने उभी करावीत आणि पुन्हा एकवार कळ दाबावी, हा उद्योग अलीकडे पुष्कळ कुटुंबांत होऊ लागला आहे. ज्यांचे आयुष्य बदलीच्या नोकरीत गेले त्यांना या उद्योगाचा मोह अधिक पडावा, हे स्वाभाविक आहे. आमचे गावाकडील घर बहुधा कुलपात असते. आणि ज्या परगावी मुलांचे बालपण गेले, तेथे आमच्या नावाची पाटी तीन वर्षे दारावर राहिली व चौथ्या वर्षी दुसऱ्याची लागली. अशा भूमीवर आमचा काही हक्क होता, याचा पुरावा म्हणून हाती उरते ते छायाचित्रच. आमचा सातबारा म्हणा, तो एवढाच. तेव्हा तो उतारा घेऊन माणूस पुन्हा त्या जागी जातो, यात हसण्यासारखे काही नाही. प्रश्न आहे तो वेगळा. या पुनरावृत्तीतून जे दुसरे चित्र निर्माण होते त्याचे मोल कशावर ठरवावे? त्यात काही कलागुण संभवतो काय? की तो केवळ सहलीचा एक खेळच मानावा?

या प्रश्नाचा विचार ज्यांनी हा उद्योग गंभीरपणे केला त्यांच्या कामावरून करणे बरे. असे काम विपुल प्रमाणात झाले ते अमेरिकेच्या पश्चिमेकडील वाळवंटांत. आणि ते तेथे झाले हा योगायोग नव्हे. हिरव्या मुलखात वीस वर्षांत झाडी वाढून जुनी जागा ओळखू येईनाशी होते. शहरात तर जागाच उरत नाही. वाळवंटात मात्र कातळ आपला ठाव सोडीत नाही, हवा निर्मळ असल्याने दूरची शिखरे स्पष्ट दिसतात, आणि जवळचा खडक व लांबचा कडा यांची परस्परसंगती तपासून पाहता येते. जुन्या चित्राची परीक्षा घेणारा इतका कठोर परीक्षक दुसरा नाही.

या कामाचा आरंभ कलेच्या क्षेत्रात झालेला नाही. जेम्स रॉडनी हेस्टिंग्ज आणि रेमंड टर्नर यांचा ‘द चेंजिंग माइल’ हा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. दक्षिण ॲरिझोना आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातील जुनी छायाचित्रे मिळवून, त्यांच्या जागा शोधून, तेथून पुन्हा छायाचित्रे घेऊन त्यांनी ती समोरासमोर छापली. त्यांचा हेतू निव्वळ वनस्पतिशास्त्राचा होता. गवताळ प्रदेशात मेस्कीटची काटेरी झुडपे कशी शिरली, ओकची झाडे डोंगराच्या पायथ्याकडून कशी मागे हटली, हे त्यांना दाखवावयाचे होते. आणि या पालटास त्यांनी गुरांची चराई व हवामानातील बदल या दोहोंना मिळून जबाबदार धरले. त्यानंतर रॉबर्ट वेब यांनी ग्रँड कॅन्यनमध्ये असेच काम केले. रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन हा अभियंता १८८९-९० च्या हिवाळ्यात कोलोरॅडो नदीच्या काठाकाठाने रेल्वेमार्ग आखण्यासाठी पाहणी करीत होता. बरोबरचा छायाचित्रकार १ जानेवारी १८९० रोजी कड्यावरून पडून जायबंदी झाला, तेव्हा स्टँटनने कॅमेरा स्वतःच्या हाती घेतला. लोहमार्ग कधीच झाला नाही. चित्रे तेवढी राहिली. शंभर वर्षांनी वेब व त्यांचे सहकारी ती चित्रे घेऊन त्या जागी गेले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील सर्वांत विलक्षण गोष्ट कड्यांविषयीची नाही, झुडपांविषयीची आहे. स्टँटनच्या चित्रातील कित्येक झुडपे शंभर वर्षांनंतरही त्याच जागी जिवंत होती. ज्याला आपण क्षुल्लक वाळवंटी खुरट समजतो, ते त्या अभियंत्यापेक्षा आणि त्याच्या नातवंडांपेक्षाही दीर्घायुषी ठरावे, हे ज्ञान दुसऱ्या चित्रावाचून होणे शक्य नव्हते.

कलेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयत्न मात्र १९७७ ते १९७९ या तीन वर्षांतला. मार्क क्लेट, एलन मँचेस्टर, जोॲन व्हर्बर्ग, गॉर्डन बुशॉ आणि रिक डिंगस या मंडळींनी एकोणिसाव्या शतकातील सरकारी पाहणीच्या छायाचित्रकारांची, विशेषतः टिमथी ओसलिव्हन आणि विल्यम हेन्री जॅक्सन यांची, शंभराहून अधिक चित्रे त्यांच्या मूळ जागांवरून पुन्हा घेतली. ‘सेकंड व्ह्यू’ हा त्यांचा ग्रंथ १९८४ साली निघाला. त्यांची रीत वाचली म्हणजे भूमापन खात्यातील माणसालाही समाधान वाटावे. ऋतू आणि प्रहर जुन्या चित्रातील सावल्यांवरून ठरवावयाचा. मग जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकमेकींच्या मागे कशा दिसतात हे पाहत डावीउजवीकडे, पुढेमागे, वरखाली सरकत राहावयाचे. जागेवरच पोलरॉइडवर चाचणीचे चित्र काढून त्यावर पट्टी ठेवावयाची, जुन्या चित्रातील अंतरांच्या प्रमाणाशी ते जुळवावयाचे. आणि जुळले नाही तर कॅमेरा पुन्हा हलवावयाचा. काही ठिकाणी इंचाइंचाचा प्रश्न पडे.

एवढ्या काटेकोरपणातून काय निष्पन्न झाले? वरवर पाहणारास वाटेल की जुन्या चित्राची एक नक्कल. वस्तुतः निष्पन्न झाली ती जुन्या चित्राची समीक्षा. ओसलिव्हनने १८६९ साली उटा प्रांतातील वेबर खोऱ्यात ‘विचेस रॉक्स’ नावाच्या सुळक्यांचे चित्र घेतले होते. त्यात ते सुळके एका अंगास कलंडलेले, जणू भूमीने अंग टाकल्यासारखे दिसतात. १९७८ साली रिक डिंगस त्या जागी पोहोचले तेव्हा उलगडा झाला तो असा की कलंडले होते ते सुळके नव्हेत. ओसलिव्हनने आपला कॅमेराच तिरका धरला होता. शंभर वर्षे ज्याला निसर्गाची साक्ष मानले, ते एका माणसाचे विधान होते. त्या भूगर्भीय उत्पाताचा जो प्रत्यय त्याला द्यावयाचा होता, त्यासाठी त्याने क्षितिज वाकविले. सरकारी नोकराने सरकारी अहवालासाठी काढलेल्या चित्रात ही मोकळीक घ्यावी, हे आपल्या वाचकांना विशेष मननीय वाटेल. आम्ही यास लबाडी म्हणत नाही. अहवालाच्या कागदावरही माणसाची दृष्टी उमटल्याखेरीज राहत नाही, एवढाच याचा अर्थ. आणि तो अर्थ दुसऱ्या चित्राने उघड केला.

येथेच घरगुती उद्योगाचा आणि या कामाचा भेद स्पष्ट होतो. घरची मंडळी जुने चित्र घेऊन निघतात ती चित्रातील माणसे कोठे उभी होती ती जागा शोधावयास. क्लेट आणि त्यांचे सहकारी शोधतात ती चित्र काढणारा कोठे उभा होता ती जागा. भेद चार पावलांचा दिसतो, परंतु सारे मर्म त्या चार पावलांत आहे. ओसलिव्हनचेच १८६७ चे एक चित्र घ्या. नेव्हाडातील कार्सन वाळवंटात सँड स्प्रिंग्जजवळ वाळूचा प्रचंड डोंगर, त्याच्या उतारावर खेचरांनी ओढलेली एक गाडी. ही गाडी म्हणजेच त्याची काचा धुण्याची काळोखी खोली. गाडीपासून आपल्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, वाळूत पावले उमटलेली आहेत. ती त्या चित्रकाराची पावले. चित्रात माणूस नाही, परंतु तो गाडीतून उतरून कोठवर चालत आला हे दिसते, आणि जेथे पावले संपतात तेथे पाहणारा उभा असतो. आज तो वाळूचा डोंगर वाहने उडवीत नेणाऱ्यांचे क्रीडास्थान झाला आहे. पावलांच्या जागी चाकांच्या रेघा आहेत. जुने चित्र जवळ नसते तर या रेघांत काही विशेष वाटले नसते.

आपल्या घरच्या संग्रहांत असा माणूस बहुतेक चित्रांतून गैरहजर असतो. ज्याच्या हाती कॅमेरा तो चित्रात नाही. प्रवासचित्रांत आई आहे, मुले आहेत, कधी उंट आहे, शिपाई आहे. वडील नाहीत, असलीच तर पुढच्या वाळूवर त्यांची सावली आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. गृहस्थ केंद्र सरकारच्या नोकरीत असून त्या वेळी जोधपुरास होते. १९७४ च्या डिसेंबरात ते सहकुटुंब जैसलमेरास गेले असता, गावाबाहेरील बडा बागेत, राजघराण्याच्या पिवळ्या दगडी छत्र्यांपुढे, त्यांनी आग्फाच्या साध्या क्लिक थ्री कॅमेऱ्याने पत्नीचे व दोन मुलांचे चित्र घेतले. ते चित्र पुढे पाच बदल्यांतून फिरले. गृहस्थ निवर्तल्यावर काही वर्षांनी मुलांनी आईला घेऊन तेथे जाण्याचे ठरविले. सुरुवातीस सर्व यथासांग झाले. त्याच रंगाचे स्वेटर मिळविले होते, आईने तशीच घडी घेऊन साडी नेसली होती, साठीकडे झुकलेला मुलगा पूर्वीसारखा आईच्या पदराशी उभा राहिला. नातवाने मोबाइलवर चित्र टिपले. ते पाहून सगळे हसले. आणि हसणे ओसरल्यावर कोणालाच ते आवडेना. मागच्या क्षितिजावर पवनचक्क्यांची रांग फिरत होती, त्यामुळे नव्हे. ते चित्र कोणाचेच नव्हते म्हणून.

तेव्हा मुलीच्या मनात आले की छत्रीचा घुमट मागच्या कमानीशी जसा जुळतो तसा या चित्रात जुळत नाही; जुन्यात घुमट कितीतरी उंच चढलेला आहे. ती कॅमेरा घेऊन मागेपुढे सरकू लागली. उभ्याने ते जमेना. शेवटी ती वाळूत गुडघे टेकून बसली, मान जवळजवळ जमिनीपर्यंत नेली, तेव्हा घुमट आणि कमान जागेवर आली. जुन्या चित्राच्या तळाशी एक रुंद, आखूड सावली होती; घरात ती आजवर धोंड्याची मानली जात असे. ती वडिलांची होती. कडक इस्त्रीच्या कपड्यांतले ते गृहस्थ, ज्यांना मुलांनी जमिनीवर बसलेले क्वचितच पाहिले, ते त्या दिवशी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला यावे म्हणून वाळूत बसले होते. आईला हे आठवत होते काय, असे विचारता ती म्हणाली, “पँटीला वाळू लागली म्हणून परतीच्या वाटेवर कुरकुरत होते, एवढे आठवते.” त्यांनी तेथून दुसरे चित्र काढले. त्यात आई खुर्चीवर आहे, मुले आपापल्या वयाची आहेत, आणि मुलीची सावली वाळूवर पडली आहे.

आमच्या मते या दोन प्रयत्नांतील अंतर हेच या कलाप्रकाराचे लक्षण होय. पहिल्यात बाह्य वस्तूंचे अनुकरण होते, दुसऱ्यात दृष्टीचे पुनराचरण. अनुकरणालाही काही मोल आहे, हे आम्ही नाकारीत नाही. अर्जेंटिनाच्या इरिना वेर्निंग यांनी २०१० पासून माणसांना त्यांच्या बालपणीच्या छायाचित्रांतील वेष, वस्तू, प्रकाश आणि आविर्भाव यांसह पुन्हा उभे केले. त्यांची नजर अचूक आहे, विनोदबुद्धी निर्मळ आहे, आणि प्रौढ चेहऱ्यावर बाळपणचा हट्ट पाहताना करमणुकीमागून एक खिन्नता येते. तथापि त्या चित्रांचा परिणाम जोडीतील साम्यावर इतका अवलंबून आहे की साम्य ध्यानी आले की पाहणे संपते. याच्या उलट निकोलस निक्सन यांनी आपली पत्नी व तिच्या तिघी बहिणी यांची १९७५ पासून २०२२ पर्यंत दरवर्षी जी चित्रे घेतली, त्यांत वेष निराळा, जागा निराळी. कायम राहतो तो चौघींचा उभे राहण्याचा क्रम. एकच गोष्ट स्थिर ठेवून बाकी सर्व काळाच्या स्वाधीन केल्यामुळे काळाचे काम तेथे स्वच्छ दिसते. पुनरावृत्तीत काय जुळवावे यापेक्षा काय मोकळे सोडावे, हा विवेक अधिक महत्त्वाचा, असे यावरून दिसते. कौटुंबिक चित्रात जागा जुळवावी, प्रहर जुळवावा, पाहण्याची उंची जुळवावी. चेहरे आणि वेष जुळवू नयेत. ज्याचे स्थान रिकामे झाले त्याच्या जागी दुसरा उभा करू नये. दिवंगत सासूच्या जागी तिचीच शाल पांघरून सुनेला बसविलेले एक चित्र आमच्या पाहण्यात आले. हेतू आदराचा होता, परंतु परिणाम उलटा झाला. रिकामी जागा बोलकी असते. भरलेली जागा तिला गप्प करते.

येथवर ‘सेकंड व्ह्यू’ची थोरवी सांगितली, आता त्याचे न्यूनही सांगितले पाहिजे. पहिल्या चित्रकाराच्या पावलावर पाऊल ठेवणारा त्याच्या दृष्टीबरोबर त्याचे अंधत्वही पत्करतो. ओसलिव्हनने १८७३ साली ॲरिझोनातील कॅन्यन द शेच्या कड्यातील प्राचीन वास्तूचे जे चित्र घेतले, त्याची ख्याती मोठी. १९४२ साली ॲन्सेल ॲडम्स यांनी जवळजवळ त्याच जागेवरून तीच वास्तू टिपली. दोन्ही चित्रे भव्य आहेत. परंतु ही दरी नावाहो लोकांची. १८६४ च्या जानेवारीत अमेरिकन सैन्य या दरीत शिरले, आणि पुढे त्या लोकांना शेकडो मैल चालवीत न्यू मेक्सिकोतील छावणीत कोंडण्यात आले. १८६८ च्या तहानंतर ते परतले. ओसलिव्हनची चौकट उभी राहिली ती या घटनेनंतर अवघ्या नवव्या वर्षी. तिच्यात शांत कडा आणि पुरातन भिंती भरून राहिल्या आहेत. नुकत्याच घडलेल्या इतिहासाची खूण नाही. ही चौकट जशीच्या तशी पुन्हा धरणारा तेच मौन पुन्हा धरतो.

क्लेट यांना या उणिवेची जाणीव झाली असावी, असे त्यांच्या पुढील कामावरून अनुमान होते. १९९७ ते २००० या काळात नव्या सहकाऱ्यांसह ते त्याच जागांवर तिसऱ्यांदा गेले, आणि २००४ च्या ग्रंथात त्यांनी चित्रांबरोबर त्या जागी सापडलेल्या वस्तू, ऐकू आलेले ध्वनी, भेटलेली माणसे यांचीही नोंद केली. चौकटीच्या कडेबाहेर पाहण्यास येथे प्रारंभ झाला. पुढे बायरन वुल्फ यांच्यासह केलेल्या ग्रँड कॅन्यनच्या कामात, जे २०१२ साली ग्रंथरूपाने आले, त्यांनी जुन्या चित्राची नक्कल करण्याचे सोडूनच दिले. आजच्या विस्तीर्ण दृश्यात जुनी चित्रे आपापल्या जागी बसवून दिली. जुने चित्र सभोवारच्या दृश्याचा एक लहान तुकडा ठरले. त्या चित्रकाराने काय घेतले आणि काय वगळले, हे एकाच वेळी दिसू लागले. पहिल्या ग्रंथातील निग्रहाचे सौंदर्य येथे काहीसे ढिले पडले आहे, आणि काही पाने चातुर्याकडे झुकतात. तरीही जुन्या दृष्टीचा आदर राखून तिची मर्यादा दाखविण्याची ही रीत आम्हांला अधिक प्रगल्भ वाटते.

राजस्थानात राहिलेल्या आमच्या वाचकांना ही रीत सहज अंगीकारता येईल. थरच्या वाळवंटाचा कायापालट आपल्याच पिढ्यांच्या डोळ्यांदेखत झाला. १९५२ साली जोधपुरास मरुवनीकरणाचे केंद्र स्थापन झाले, त्यातून पुढे १९५९ साली केंद्रीय मरुक्षेत्र संशोधन संस्था उभी राहिली आणि वाळूच्या टेकड्या झाडोऱ्याने बांधण्याचे काम चालले. १९५८ साली ज्याच्या कामास प्रारंभ झाला तो राजस्थान कालवा, आजचा इंदिरा गांधी कालवा, जैसलमेर जिल्ह्यात पाणी घेऊन आला. विलायती बाभूळ माळामाळावर पसरली. जैसलमेरच्या क्षितिजावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. या कामांपैकी कशावर ना कशावर आपल्यातील कोणी सही केली असेल, मोजणी केली असेल, हिशेब तपासला असेल. तेव्हा जुन्या चित्रातील ओसाड क्षितिज आणि आजचे गजबजलेले क्षितिज यांची जोडी आपल्यापुरती तरी निव्वळ स्मरणरंजनाची राहत नाही; तीत आपल्या कामाचीही झडती होते. आणि चौकटीच्या बाहेर जो उंटवाला उभा होता, ज्याने मुलांना उंटावर चढविले परंतु ज्याला चित्रासाठी बाजूला व्हावयास सांगितले गेले, त्याची आठवणही त्या जागी व्हावयास हवी.

सारांश, या उद्योगाला आम्ही कला म्हणावयास तयार आहोत, परंतु एका अटीवर. दुसऱ्या चित्राने पहिल्याविषयी असे काही सांगितले पाहिजे, जे पहिले चित्र एकटे सांगू शकत नव्हते. सुळके कलंडले नव्हते, हे डिंगस यांच्या चित्राने सांगितले. वडील वाळूत बसले होते, हे त्या मुलीच्या चित्राने सांगितले. दोन्ही ठिकाणी रीत एकच होती, आणि एवढ्यापुरती त्या दोन्ही चित्रांची योग्यताही आम्ही एकच मानतो.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. पुढील बदलीच्या सामानात जुन्या चित्रांचे पुडके बांधण्यापूर्वी प्रत्येकाच्या मागे तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: तारीख, प्रहर, आणि चित्र कोणी व कोठे उभे राहून घेतले. चित्रात कोण आहेत हे मुले ओळखतीलच. चित्रात कोण नाही, हे मात्र लिहिल्यावाचून त्यांना कळणार नाही.